चेन पडू नये, चैन पडावी

सायकलवाल्याच्या दोनच मागण्या असतात : चेन पडू नये आणि चैन पडावी. हा विनोद आमच्या गुरुजींचा. गेल्या नऊ वर्षांत तो आम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. तरीही गुरुजी आठवड्यातून एकदा तो सांगतात आणि आम्ही आठवड्यातून एकदा हसतो. गेल्या हिवाळ्यात मात्र या विनोदाचा उत्तरार्ध किती खरा आहे, याची प्रचीती आम्हाला आली. त्याचीच ही हकीगत.

हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जुनी माणसे आजही त्याला वाढोणा म्हणतात. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर ते वसले आहे. तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की विदर्भ सुरू होतो. कापूस, सोयाबीन आणि हळद यांच्या हंगामावर येथील बाजारपेठेचा श्वास चालतो. अशा गावात सकाळी नऊला शटर वर गेले की रात्री नऊपर्यंत व्यापारी माणूस गादीवरून हलत नाही. पोट वाढते, साखर वाढते, उधारीची वही वाढते. कमी होते ती फक्त झोप. डॉक्टरांनी 'चालत जा' म्हणून सांगितले, तेव्हा आमच्यापैकी काहींनी 'सायकल चालेल का' असे विचारले आणि आमचे पाच जणांचे मंडळ सुरू झाले.

मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. पहाटे पावणेसहाला परमेश्वर मंदिराजवळ जमायचे. कधी भोकर रस्त्याने सरसमपर्यंत, कधी पळसपूरच्या बाजूने नदीकाठी, आणि वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, सहस्रकुंडाच्या धबधब्यापर्यंत जायचे. गुरुजी गणिताचे निवृत्त शिक्षक. एक जण औषधांचे दुकान चालवतात, त्यांना आम्ही डॉक्टर नसतानाही डॉक्टरसाहेब म्हणतो. पाटलांची दहा एकर शेती आहे. चौथे आमचे शेटजी, कापडाचे जुने व्यापारी, वय सत्तर. आणि पाचवा मी, किराणावाला. बोलण्याचे विषय ठरलेले : कापसाचा भाव, पाऊस, नातवंडांच्या परीक्षा, जीएसटीची मुदत. परंतु विषय कोणताही निघो, पंधरा मिनिटांत तो चेनपाशी येऊन थांबतो.

तेलाचा वाद

आमच्यातला सर्वांत जुना आणि अद्याप न मिटलेला वाद तेलाचा आहे. पाटील चेनला ट्रॅक्टरचे जळके ऑइल लावतात. "फुकट आहे आणि काळे आहे, मळ दिसत नाही," हा त्यांचा युक्तिवाद. डॉक्टरसाहेब शिलाई मशीनचे पातळ तेल थेंब थेंब सोडतात, जणू लहान मुलाच्या कानात औषध घालत आहेत. मी किराणावाला असल्यामुळे माझ्यावर आरोप असा की मी खोबरेल वापरतो आणि थंडीत माझी चेन गोठते. एकदाच वापरले होते. पण आमच्या मंडळात एकदा केलेली चूक जन्मभर पुरते.

गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांनी या वादात एकदा निवाडा दिला. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातला लोखंडाचा कीस असतो, तो चेनला आतून घासतो. खाण्याचे तेल काही दिवसांत चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. शिलाईचे तेल चांगले, पण पहिल्या पावसात धुऊन जाते. मग लावावे तरी काय? "कोणतंही साधं मशीनचं ऑइल लावा, पण लावल्यावर फडक्यानं पुसून काढा," चाचा म्हणाले. "तेल आत पाहिजे, वर नाही. वर राहिलं की ते धूळ ओढतं."

यावर गुरुजींनी आपले ठेवणीतले अस्त्र काढले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ साली सायकलच्या चेनची तपासणी झाली होती. पायाने लावलेल्या शक्तीपैकी सर्वोत्तम परिस्थितीत ९८.६ टक्के शक्ती चेन मागच्या चाकापर्यंत पोहोचवते, असे त्यात आढळले. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, तेल घातल्याने अथवा न घातल्याने प्रयोगशाळेत या आकड्यात फारसा फरक पडला नाही. गुरुजी विजयी मुद्रेने चाचांकडे पाहू लागले. चाचांनी पंक्चरची ट्यूब पाण्यातून वर काढत विचारले, "त्या प्रयोगशाळेत आपल्या काळ्या मातीचा धुरळा होता का, गुरुजी?"

खरे म्हणजे शास्त्रज्ञांचे आणि चाचांचे म्हणणे एकच आहे. तेलाचे मोठे काम वेग वाढवण्याचे नसून, धातूच्या फटीत जागा अडवून धूळ आत येऊ न देण्याचे आहे.

शेटजींची शंका वेगळीच असे. ग्रीसच्या डब्यात प्राण्यांची चरबी तर नसते ना? आपल्या घरांतून हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो अनाठायी नाही. जुन्या काळी गाड्यांच्या आसांना चरबीयुक्त वंगण लावले जाई, आणि उत्तम सायकलींच्या सीटही चामड्याच्या असत. आज बाजारात सर्रास मिळणारे लिथियम ग्रीस मात्र साधारणतः खनिज तेल आणि एरंडेलापासून काढलेले आम्ल यांच्या आधारे बनते. ही माहिती गुरुजींनी दिली, त्या दिवशी शेटजींनी सर्वांना चहा पाजला. मृगाचे लाल मखमली किडे रस्त्यावर दिसू लागले की पहिल्या आठ दिवसांत तेच आम्हाला सायकली हातात धरून चालायला लावतात. पाटील कुरकुरतात, पण चालतात.

चेन आली कोठून

ज्या वस्तूवरून आम्ही इतके भांडतो, ती दीडशे वर्षांचीही नाही. पूर्वीच्या उंच सायकलींचे पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. वेग हवा असेल तर चाक मोठे करणे हाच उपाय. म्हणून ते माणसाच्या छातीइतके उंच झाले आणि खड्डा लागला की स्वार तोंडावर आपटू लागले. १८८० साली मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याने बुश आणि रोलर असलेल्या चेनचे पेटंट घेतले. पुढे १८८५ मध्ये इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल तयार केली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, पायडल मध्यभागी आणि तेथून मागच्या चाकापर्यंत चेन. आज आपण जी सायकल चालवतो, तिचा सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

आपल्याकडे सायकली प्रथम विलायतेतून येत. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो सायकल्स उभी राहिली. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक आणि फेरीवाला कापड व्यापारी या साऱ्यांचा संसार त्या काळ्या सायकलींनी ओढला. कैचीत पाय घालून, अर्धे पायडल मारत सायकल शिकलेली आमची कदाचित शेवटची पिढी असेल. चेनमध्ये अडकून पायजमा फाटला नाही, असा आमच्यात एकही नाही.

आणि सायकलने केवळ बाजारच गाठला असे नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीने जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. अलीकडे, २०१५ साली, नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात आळीपाळीने सायकल चालवत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. हा विषय निघाला की डॉक्टरसाहेब म्हणतात, "बघा, डॉक्टर होते म्हणून जमलं." पाटील लगेच म्हणतात, "भाऊ होते म्हणून जमलं. एक दमला की दुसरा तयार."

केसाएवढी झीज

चेन सैल झाली की आपण म्हणतो, ती ताणली. गुरुजींना हे अजिबात मान्य नाही. "पोलाद असं ताणत नसतं. चेन झिजते," असे ते सांगतात आणि हिशेब मांडतात. व्यापाऱ्यांपुढे हिशेब मांडणारा हा एकटाच शिक्षक असावा.

हिशेब असा. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाते. म्हणजे एका किलोमीटरला पायडलचे १६८ फेरे. चेनमध्ये ११२ कड्या असतील, तर तेवढ्या वेळात अख्खी चेन ७२ वेळा फिरून येते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा दोन्ही चक्रांवर चढताना वाकतो आणि उतरताना सरळ होतो, म्हणजे चार हालचाली. पंधरा किलोमीटरच्या फेरफटक्यात प्रत्येक सांध्याच्या अशा चार हजारांहून अधिक हालचाली होतात. आपल्याला त्यातली एकही दिसत नाही.

आता झीज मोजू. बारा इंचांत चोवीस कड्या बसल्या पाहिजेत. लोखंडी फूटपट्टी लावावी. चोवीस कड्यांची लांबी बारा इंचांहून एक सोळांश इंच जास्त भरली, तर चेन बदलण्याची वेळ आली असे समजावे. एक अष्टमांश जास्त भरली, तर तिने चक्रांचे दातेही खाल्लेले असतात. मग केवळ चेन बदलून भागत नाही. हा एक सोळांश इंच चोवीस सांध्यांत वाटून घेतला तर प्रत्येक सांध्याच्या वाट्याला येते ०.०६६ मिलिमीटर. म्हणजे माणसाच्या केसाची जाडी.

"कोणताही एक सांधा वाईट नसतो," गुरुजी म्हणतात. "प्रत्येक जण केसाएवढाच झिजलेला असतो. पण सगळ्यांची बेरीज झाली की चेन पडते."

ओसरीतली सायकल

दिवाळीनंतर शेटजींच्या पत्नी वारल्या. आजार मोठा नव्हता. चार दिवसांत सारे संपले. आम्ही बैठकीला गेलो, हात जोडले, बसलो, उठलो. शेटजी सर्वांना म्हणत होते, "आयुष्य तेवढंच होतं." महिन्याभराने त्यांनी दुकान उघडले, पण पहाटे ते आले नाहीत. आम्ही वाटेत त्यांच्या घरासमोर घंटी वाजवत असू. काही दिवसांनी तीही वाजवेनासे झालो, कारण उत्तर येत नसे आणि न येणाऱ्या उत्तराला काय म्हणावे, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

संक्रांतीच्या सुमारास बातमी कळली, की शेटजी मार्चअखेर दुकान आवरणार. मुलगा पुण्याला नोकरीत आहे. तो भला आहे, वडिलांना घेऊन जाण्यासाठी कळकळीने म्हणतो आहे. यात चूक कोणाचीच नव्हती. तरीही ती बातमी ऐकून त्या दिवशी सरसमपर्यंत आम्ही कोणी एक शब्द बोललो नाही. चेनविषयीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानापुढे पाटील म्हणाले, "त्यांना जाऊन काय बोलायचं, ते आपल्याला जमत नाही. मग जे जमतं तेच बोलू की."

रविवारी दुपारी आम्ही चौघे गेलो. ओसरीच्या कोपऱ्यात शेटजींची काळी अॅटलस उभी होती. दोन्ही चाकांत हवा नव्हती आणि चेन तांबूस पडून काठीसारखी ताठ झाली होती. पाणी झाले, नातवाची चौकशी झाली, मग नेहमीची शांतता पसरली. पाटील उठले, सायकलीजवळ गेले आणि पायडल उलटे फिरवून पाहिले. करकर आवाज झाला.

"शेटजी, ही काय अवस्था केलीत? हिच्यापेक्षा माझी जळक्या ऑइलची चेन बरी."

"राहू द्या पाटील. आता कोण चालवतंय."

"चालवू नका. पण गंजू देणं बरं नाही. उद्या कोणाला द्यायची म्हटली तरी चेन फिरली पाहिजे."

रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून पाटलांनी बाटलीतून डिझेल आणले होते. चाचांकडून आणलेल्या पकडीने डॉक्टरसाहेबांनी चेनचे लॉक काढले. चेन पत्र्याच्या डब्यात बुडवली. मी जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक कडी घासू लागलो. जी कडी हलत नव्हती ती बोटांत धरून मागेपुढे वाकवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाकवायची. तासभर हेच चालले. शेटजी झोपाळ्यावर बसून पाहत होते. मग म्हणाले, "किराणावाले, असं नाही. कडी आडवी वाकवली तर पिन सुटेल." आणि ते खाली येऊन बसले.

हात कामात असले की तोंड मोकळे होते. शेटजी चेनकडे पाहतच बोलू लागले. ही सायकल त्यांनी लग्नाच्या वर्षी घेतली. छोट्या रुळांच्या गाडीने कापडाची गठडी स्टेशनवर येई, ती याच कॅरियरवर बांधून ते दुकानात आणत. त्याच कॅरियरवर बसून नवी नवरी प्रथम पैनगंगा पाहायला गेली होती. वाटेत चेन पडली आणि तिचे लुगडे काळे झाले. "चाळीस वर्षं मला ते ऐकवलं तिनं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "दुकानातून आल्यावर दाराचं कुलूप आता मीच उघडतो. त्याची सवय होत नाही."

आम्ही कोणी काही म्हटले नाही. डॉक्टरसाहेबांनी फडके पुढे केले. शेटजींनी आधी हात पुसले, मग डोळे.

चेन वाळल्यावर गुरुजींनी फूटपट्टी काढली. ती शेटजींनी त्यांच्या हातातून घेतली. पन्नास वर्षे कापड मोजलेला माणूस. पट्टी कशी धरावी हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. पहिल्या पिनेच्या मध्यावर शून्य ठेवून त्यांनी चोवीस कड्या मोजल्या आणि चष्मा वर करून पाहिले. "एक सोळांशपेक्षा थोडी जास्तच. अष्टमांश नाही. फ्रीव्हील चालेल, चेन नवी लागेल."

"कशाला उगीच खर्च?" पाटील मुद्दामच म्हणाले. "मार्चमध्ये तर जाणार ना तुम्ही."

शेटजी काही बोलले नाहीत. सोमवारी सायंकाळी चाचांनी सांगितले, की दुकान बंद करून शेटजी स्वतः आले होते आणि नवी चेन घेऊन गेले.

लॉकची उघडी बाजू

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा पाच झालो. नवी चेन बसवताना शेटजींनी लॉकची उघडी बाजू नीट पाहून मागे ठेवली. चेन ज्या दिशेने धावते, तिकडे लॉकची बंद बाजू असावी, नाहीतर धक्क्याने ते निसटते. चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढले आणि मध्यभागी बोटाने दाबल्यावर चेन सुमारे अर्धा इंच हलेल, एवढाच ताण ठेवला. फार घट्ट ठेवली तर बेअरिंगवर ताण येतो, फार सैल ठेवली तर पडते. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात एखादी सायकल माळ्यावर किंवा जिन्याखाली उभी असेल, त्यांनी एवढे जरूर करून पाहावे : चेन डिझेलने धुवावी, पूर्ण वाळू द्यावी, प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडावा, काही वेळाने वरचे तेल पुसून टाकावे, आणि पावसात भिजली तर त्याच दिवशी पुसावी. आणि शक्य असेल तर हे काम एकट्याने करू नये.

पहिल्या दिवशी परतताना गुरुजींनी हिशेब मांडला. "शेटजी, नीट निगा राखली तर ही चेन पाच हजार किलोमीटर सहज जाईल. रोजचे पंधरा धरले तर तीनशे तेहतीस दिवस."

शेटजी थोडा वेळ पायडल मारत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वर्षभर तरी पुण्याला जाता येणार नाही. चेन वाया जाईल."

त्या सकाळी गुरुजींनी आपला विनोद पुन्हा सांगितला आणि आम्ही पुन्हा हसलो. मार्च सरला. दुकानाचे काय ठरले, ते आम्ही कोणी विचारलेले नाही. शटर मात्र रोज नऊला वर जाते, मुलगा दर पंधरवड्याला येऊन भेटतो, आणि गेल्या खेपेस तो वडिलांच्या सायकलीसाठी एक नवी घंटी घेऊन आला. तिचा आवाज फार मोठा आहे, असे पाटलांचे मत आहे. त्यावर सध्या वाद चालू आहे.